किसांगानी : राहिलेल्यांची बाजू

काँगो नदीवरच्या किसांगानीबद्दल मराठीत काही छापून आलं की पहिल्या परिच्छेदात कॉनरॅड असतो आणि दुसऱ्यात नायपॉल. कॉनरॅड 1890च्या सप्टेंबरात बोटीने आला, जेमतेम आठवडाभर राहिला आणि परतला. नायपॉल 1975मध्ये झाईर, म्हणजे तेव्हाचा काँगो, फिरून गेला, चार वर्षांनी त्याची कादंबरी आली. दोघंही मोठे लेखक, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्यातले एक मान्यवर समीक्षक वर्षानुवर्षं लिहिताहेत की परक्या माणसाने या शहराविषयी सांगण्याजोगं सगळं या दोघांनी सांगून टाकलंय. माझं त्यांच्याशी भांडण जुनं आहे. वाटेवरच्यांनी या शहराला बदनाम केलं, मुक्कामाला राहिलेल्यांनी कामं केली, आणि त्या कामांवर कोणी ओळ लिहिली नाही. म्हणून हा आढावा राहिलेल्यांचा.

पूर्वपीठिका वाचकांना ठाऊक असेलच. 1883चं स्टॅनलीचं ठाणं, मग स्टॅनलीव्हिल, 1966पासून किसांगानी. किन्शासापासून सुमारे 1,700 किलोमीटर नदीतून बोट चालते आणि इथे अडते, कारण वर शंभर किलोमीटरच्या टप्प्यात बोयोमाचे सात धबधबे आहेत. माल उतरवायचा, 125 किलोमीटरच्या रेल्वेने उबुंडूला न्यायचा, पुन्हा बोटीत चढवायचा. या चढउतारीवरच शहर जगलं. बेल्जियन साहेब, ग्रीक आणि पोर्तुगीज दुकानदार, 1951मध्ये ‘आफ्रिकन क्वीन’च्या चित्रीकरणासाठी आलेली हॉलिवूडची मंडळी या सगळ्यांवर दरवर्षी कोणीतरी लिहितंच. मी पुढे जातो.

शहराच्या खाली थोड्या अंतरावर याकुसूचं बाप्टिस्ट मिशन आहे. मिशनऱ्यांविषयी मला फारसं प्रेम नाही, पण इथले दोघं वेगळे. 1920पासून चेस्टरमन नावाचा डॉक्टर निद्रारोगाच्या मागे हात धुऊन लागला आणि गावोगाव तपासणी आणि सुया पोचवणारी माणसं त्याने तयार केली. दुसरा कॅरिंग्टन. हा लोकेले लोकांचं ढोलवादन नुसतं ऐकून थांबला नाही, शिकला. एकाच ओंडक्यातून कोरलेला, वर चीर ठेवलेला ढोल. चिरेच्या दोन कडा कमीजास्त जाड, म्हणून आवाज दोन, उंच आणि खाली. लोकेले भाषाही स्वरांच्या चढउतारावर चालते. आता दोनच स्वरांत एकटा शब्द वाजवला तर पन्नास शब्दांशी त्याची गल्लत होणार. म्हणून वादक प्रत्येक शब्दामागे ठरलेलं लांबलचक वाक्य वाजवतो आणि पलीकडच्या गावाला नेमका निरोप कळतो. कॅरिंग्टनचं पुस्तक 1949चं. शाळेत जाणारी पोरं ढोल शिकेनाशी झालीत, ही खंत त्याला तेव्हाच होती.

आता माझा आवडता विषय. संपादकांनी जागा मोजून दिली आहे, तरी इथे मी हात आखडणार नाही.

किसांगानीपासून नदीने खाली शंभरेक किलोमीटरवर, उजव्या तीरावर यांगांबी आहे. 1933मध्ये बेल्जियनांनी शेती संशोधनाची संस्था काढली, तिचं हे मुख्य ठाणं. जंगल तोडून वसवलेले बंगले, प्रयोगशाळा, रोपवाटिका आणि लाखाच्या वर वाळवलेले वनस्पतींचे नमुने. पामच्या फळाचा एक पेच इथे सुटला. ड्युरा जातीत आठळीचं कवच जाड आणि गर कमी. पिसिफेराला कवचच नाही, पण तिच्या मादीफुलांना बहुधा फळ धरत नाही. बेर्नार आणि व्हांडरवेयन या दोघांनी 1941मध्ये दाखवून दिलं की कवचाची जाडी एकाच जनुकावर ठरते. ड्युरा आणि पिसिफेरा यांचा संकर केला की सगळी संतती टेनेरा : पातळ कवच, भरपूर गर, आणि घडामागे तेल तिसऱ्या हिश्शाने जास्त.

मी ऐंशीच्या दशकात त्याच पट्ट्यातल्या एका गिरणीच्या बॉयलरवर होतो, त्यामुळे हा फरक मला कागदावरून कळलेला नाही. रानटी पामचे घड आले की कवच ढिगाने निघायचं. तेच जाळून वाफ करायची, म्हणजे बॉयलर खूश आणि तेलाची टाकी उपाशी. टेनेराचे घड आले की उलट. घड उतरवल्यावर दिवसभरात वाफवला नाही तर तेलाची आम्लता चढते, म्हणून ट्रक चिखलात रुतला की अख्खी गिरणी रस्त्याकडे डोळे लावून बसायची. पुढे मलेशिया आणि इंडोनेशियाने टेनेराच लावला. तिथल्या झाडांच्या वंशावळीत काँगोतल्या एआला आणि यांगांबीचं बी आहे. आणि पामतेल आयात करण्यात भारत जगात पहिला. या दिवाळीत विकतची शेव खाणाऱ्याने पुडक्यावरचं ‘पामोलिन’ वाचावं आणि मग मला सांगावं की किसांगानीच्या परिसरातून अंधाराखेरीज काही आलं नाही.

‘यांगांबी किलोमीटर 5’ नावाची केळीची जातही इथलीच. करपा रोगाला ती दाद देत नाही, म्हणून जगभरचे केळीतज्ज्ञ ती ओळखतात. आमचे केळीवर लिहिणारे मात्र ओळखत नाहीत.

भारतीयांविषयी. पूर्व किनाऱ्यावरून, झांझिबारच्या वाटेने गुजराती व्यापारी आत आत सरकत आले. कापड, मीठ, साबण, कंदील. 30 नोव्हेंबर 1973ला राष्ट्राध्यक्ष मोबुटूने परक्यांची दुकानं आणि मळे झाईरी नागरिकांच्या हवाली करायचं जाहीर केलं. 1991 आणि 1993मध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी देशभर लुटालूट केली. त्याआधी 1964मध्ये सिंबा बंडखोरांनी परक्यांना ओलीस धरलं होतं आणि 24 नोव्हेंबरला बेल्जियन छत्रीधारी सैनिक उतरले होते. या घटना थरारक म्हणून लेखकांना आवडतात. मला त्यांच्या मधली वर्षं जास्त आठवतात.

शहरात आलो की मी एका गुजराती ठोक व्यापाऱ्याच्या दुकानावर, माडीवर राहायचो. खाली भाई पहाटेच रोकडवही उघडून बसलेले, वर बा पोंडूच्या पाल्याला, म्हणजे कसाव्याच्या पानांना, हिंग-लसणाची फोडणी देताहेत. त्शोपो धबधब्यावरची वीज गेली की भाई म्हणायचे, “पाणी तो भागी नथी गयुं ने?” आणि कंदील लावायचे. बोट येण्याची खबर मात्र तारेआधी बाजारात पोचायची. ढकलबोटीला बांधलेले तराफे आणि त्यांवर शेकडो माणसं म्हणजे चालतं गाव. मधल्या गावांतून पिरोगी, म्हणजे ओंडक्याच्या होड्या, वल्हवत येत, चालत्या तराफ्याला दोर टाकत, धुरावलेले मासे, चिक्वांग (कसाव्याची भाकर) आणि सुरवंटांच्या टोपल्या वर चढत आणि मीठ-साबण खाली उतरत. पुढे दोघंजण रंगवलेल्या काठ्यांनी तळ चाचपत उभे, कारण वाळूचे बांध जागा बदलतात. भाव तराफ्यावरच ठरे. किसांगानीला बोट लागेपर्यंत भाईंना कळलेलं असे की यंदा मीठ चढणार.

जून 2000मध्ये रवांडा आणि युगांडाची सैन्यं या परक्या शहरात सहा दिवस एकमेकांशी लढली आणि मेले इथले लोक. काँगोतल्या त्या सगळ्या नासधुशीबद्दल 2022मध्ये हेगच्या न्यायालयाने युगांडाला 32 कोटी 50 लाख डॉलर भरायला सांगितले. भाईंचं कुटुंब त्याआधीच किन्शासामार्गे लंडनला गेलं होतं.

आता तिथे परके येतात ते विमानाने. जनरेटर, भिंत, पहारेकरी, उपग्रहाचं इंटरनेट. सल्लागार येतो, हॉटेलात कार्यशाळा घेतो, वागेनिया कोळ्यांच्या शंकूसारख्या टोपल्यांसमोर फोटो काढतो आणि जातो. नदीपलीकडच्या लुबुंगाला पिरोगीने जायचं तर सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी लागते म्हणे! अशाच एका तरुणाने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं की वर्षभरात त्याने बंदर पाहिलं नाही. पूर्वी भाड्याने सायकलच्या कॅरिअरवर बसून शहर फिरता येई. त्या टोलेका सायकली मोटरसायकलींनी हटवल्या, आणि त्यांत आमच्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर असते याचा आनंद मानावा की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

यांगांबीत मात्र 2020मध्ये जंगलाच्या माथ्यावर पंचावन्न मीटरचा मनोरा उभा राहिला. झाडं किती कार्बन घेतात आणि किती सोडतात ते तो मोजतो. तिथली माणसं तिथेच राहून काम करतात. दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुढल्या वर्षी कोणाला पाठवायचंच असेल तर त्यांच्याकडे पाठवावं, आणि जाताना बोटीने पाठवावं.