पत्र येते, पण जात नाही!



तोडलेला ऊस फडातच पडून राहिला तर काय होते, हे आपणांस सांगावयास नको. वजन घटते, उतारा घटतो आणि नुकसान सर्वांचेच होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचा असाच एक ‘ऊस’ फडात पडून राहिला. फरक एवढाच, की तो फड लॅपटॉपमध्ये होता.

आपल्या भागात पुष्कळ घरांचा एक पाय शेतात तर दुसरा एमआयडीसीत आहे. आमच्या थोरल्याने चाकणजवळ खराबवाडीत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकले आहेत. एका कामाचे कोटेशन गुरुवारी पाच वाजेपर्यंत ई-मेलने मागविले होते. काम मिळते तर लेथच्या कर्जाचे वर्षाचे हप्ते सुटले असते. पोराने सकाळी अकरालाच ‘सेंड’ दाबले आणि निर्धास्त झाला. शुक्रवारी फोन केला तर समोरून उत्तर, “तुमचं कोटेशनच आलं नाही.” पाहतो तर काय, पत्र आउटबॉक्समध्ये जसेच्या तसे! काम दुसऱ्याला गेले.

“पण अण्णा, काल दिवसभर मेल येत होत्या की!” पोरगं रडकुंडीला आलं. खरी मेख इथेच आहे.

येणे वेगळे, जाणे वेगळे

पोस्टमन दारात पत्र देऊन गेला, म्हणून आपण पेटीत टाकलेले पत्र निघालेच असे होत नाही. ई-मेलचेही तसेच. येणारी पत्रे आयमॅप किंवा पॉप या वाटेने उतरतात. जाणाऱ्या पत्रांची वाट निराळी, तिचे नाव एसएमटीपी. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा या जाळ्यावर माणसे थोडी व ओळखीची, म्हणून पत्र टाकणाऱ्यास ‘तू कोण?’ असे विचारण्याची सोय त्यात नव्हती. पुढे त्याच दाराने फसव्या पत्रांचा लोंढा सुरू झाला. हे दार म्हणजे पोर्ट २५. इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्या आता ते ग्राहकांना बंदच ठेवतात. ग्राहकांच्या पत्रांसाठी १९९८ साली ५८७ क्रमांकाचे दुसरे दार ठरले. तेथे आज नाव व पासवर्ड दाखविल्याशिवाय पत्र आत घेत नाहीत.

आमच्या शेडमध्ये आदल्याच दिवशी इंटरनेटची जोडणी बदलली होती आणि लॅपटॉपमध्ये नोंद राहिली जुन्या २५ चीच. ते न कळल्याने पोराने पासवर्ड तीनदा बदलला, लॅपटॉप चारदा बंद-चालू केला. दुखणे पायाला आणि लेप कपाळाला!

तपासणी कशी करावी?

१. प्रथम आउटबॉक्स व सेंट हे दोन्ही कप्पे पहावेत. ‘सेंट’मध्ये नसेल तर पत्र निघालेलेच नाही.

२. ब्राउझरमधून खाते उघडून तेथून पत्र पाठवावे. गेले, तर खाते ठीक आहे. दोष लॅपटॉपमधील प्रोग्रॅमचा, त्यातील नोंदीचा किंवा जोडणीचा आहे. घाईचे काम आधी याच वाटेने उरकून घ्यावे, दुरुस्ती मागाहून.

३. ‘वर्क ऑफलाइन’ चुकून चालू नाही ना, लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे पहावे. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते.

४. आलेली तक्रार वाचावी. न वाचता खिडकी मिटवू नये. ५३५ म्हणजे नाव-पासवर्ड नाकारला. ५५० बहुधा पत्ता चुकल्याने येतो. ५५२ म्हणजे आकार किंवा जागा मर्यादेबाहेर. नुसताच वेळ संपत असेल तर दाराचा संशय घ्यावा.

५. जाणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत पोर्ट ५८७, सोबत स्टार्टटीएलएस आणि ‘ऑथेंटिकेशन’ची खूण असावी. काही ठिकाणी ४६५ चालते, तेथे एसएसएल निवडावे.

६. जीमेलने २०२२ पासून जुन्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड घेणे बंद केले. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो.

७. जोडलेल्या फाइलींना जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. शिवाय पाठविताना फाइल सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. ड्रॉइंगे मोठी असतील तर दुवा पाठवावा. खात्याची १५ जीबी जागा फोटोंनी भरली तरीही पत्रे अडतात.

एक इशारा. ‘तुमचा मेल दुरुस्त करून देतो’ असे सांगून कोणी फोनवर पासवर्ड वा ओटीपी मागेल, त्याला तो मुळीच देऊ नये.

आता आमचा मुलगा कोटेशन मुदतीच्या एक दिवस आधी धाडतो, ‘सेंट’ पाहतो आणि फोन करून विचारतो, “मिळालं का?” गेलेले काम काही परत आले नाही, पण वजनकाट्याची पावती हातात पडल्यावाचून आपल्यापैकी कोण गाडीवान घरी जातो? तीच शिस्त इथेही लावून घ्यावी, एवढेच सांगणे.