घरात दोघांना पोटाचा कॅन्सर? जुनी फाइल फेकू नका

कोपर : आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले, मग काकाही त्याच दुखण्याने. अशा घरात तिसऱ्याचं पोट दुखू लागलं की एकतर सगळे हाय खातात, नाहीतर मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणून महिने काढतात. दोन्ही चूकच.

घराण्यात दुखणं दिसलं म्हणजे ते रक्तातूनच आलं असं नाही. एका घरात चूल एक, पाणी एक, तंबाखूची सवयही एक. सुकं खारवलेलं म्हावरं इकडे रोजचं. फार मिठात टिकवलेलं खाणं हा धोका वाढवतं. शिवाय हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो बहुधा लहानपणीच घरच्यांकडून पोटात शिरतो आणि वर्षानुवर्षं राहतो. १९९४ मध्येच तो कॅन्सरकारक ठरला.

निव्वळ आनुवंशिक प्रकार शंभरात एक ते तीन. त्यातला मुख्य जीन सीडीएच-१. त्यातला बिघाड १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत सापडला. हा जीन पेशींना एकमेकींशी धरून ठेवतो, वीटकामातल्या सिमेंटसारखा. तो बिघडला की कॅन्सर गाठ न होता जठराच्या भिंतीत पसरतो, त्यामुळे दुर्बिणीलाही चुकतो. आई किंवा वडिलांकडे बिघाड असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. बायकांना स्तनाच्या कॅन्सरचाही धोका असतो.

जपानचा २०२३ चा अभ्यास इथे महत्त्वाचा. नुसता जंतू असलेल्यांना वयाच्या ८५ पर्यंत पोटाचा कॅन्सर होण्याचा धोका शंभरात सुमारे १४. जंतू आणि ठरावीक चार जीनपैकी एकात बिघाड, असं दोन्ही असेल तर सुमारे ४५. आकडे जपानचे आहेत, पण मुद्दा आपल्यालाही लागू. जीन बदलता येत नाही, जंतू मात्र डॉक्टरांच्या औषधांनी साधारण दोन आठवड्यांत मारता येतो.

रक्ताची जीन तपासणी सगळ्यांना लागत नाही. पन्नाशीच्या आत कुणाला झाला असेल, जवळच्या नात्यात दोघांना असेल किंवा बायोप्सीत ‘डिफ्यूज’ शब्द असेल, तर विचारावं. शक्यतो आजारी माणसाचीच तपासणी आधी होते. म्हणून तो रिपोर्ट लाखमोलाचा, आणि आपल्याकडे तेराव्यानंतर नेमकी तीच फाइल रद्दीत जाते.

टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे. कोपरहून धीमी लोकल ठाण्यापर्यंत, तिथून पनवेल गाडी. फाइल सोबत न्यावी.