अंबत्तूरहून कॉकपिटकडे: वेतन आणि पूर्वतयारी

अमेरिकेच्या भूदलात हेलिकॉप्टर उडवणारे बहुसंख्य वैमानिक वॉरंट ऑफिसर असतात आणि पदवी नसलेला तरुणही अभियोग्यता चाचणी व निवड मंडळ यांतून पार पडल्यास थेट उड्डाण-प्रशिक्षणाला जाऊ शकतो. भारतात असा मार्ग नाही. भारतीय वायुसेनेतील वॉरंट ऑफिसर हा सैनिक म्हणून भरती होऊन अनेक वर्षांच्या सेवेनंतर बढतीने त्या पदाला पोहोचलेला कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकारी असतो, तर लढाऊ असो वा मालवाहू, विमानाचे सारथ्य कमिशनप्राप्त अधिकाऱ्याकडेच असते. भूदलाच्या नाशिक येथील हवाई प्रशिक्षण विद्यालयातही हेलिकॉप्टर-वैमानिक म्हणून अधिकारीच घडवले जातात. त्यामुळे सैनिक आणि अधिकारी या दोहोंपैकी कोणती वाट धरायची हे इच्छुकाला शालेय वयातच ठरवावे लागते.

चेन्नईच्या वायव्येस असलेल्या अंबत्तूरमध्ये या निर्णयाला विशेष धार येते. १९६४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या येथील औद्योगिक वसाहतीमुळे दहावीनंतर अभियांत्रिकी पदविका घेऊन कारखान्यात रुजू होणे हा अनेक घरांना सुरक्षित मार्ग वाटतो. तीच पदविका अग्निवीर वायू, म्हणजे वायुसेनेच्या चार वर्षांच्या सैनिक भरतीलाही चालते. परंतु पदवीधरांसाठीच्या वायुसेना सामायिक प्रवेश परीक्षेतून, म्हणजे ‘एएफकॅट’मधून, उड्डाण शाखेत जायचे तर बारावीला गणित व भौतिकशास्त्र हे विषय आणि त्यांत विहित गुण आवश्यक असतात, शिवाय प्रशिक्षणारंभी वय साधारणतः २० ते २४ च्या दरम्यान असावे लागते.

वेतनातील अंतरही मोठे आहे. अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये ठरलेले असले, तरी त्यातील तीस टक्के सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनंतर एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत, वळते होऊन हाती २१,००० रुपये येतात. सातव्या वेतन आयोगानुसार वॉरंट ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. अधिकारी-प्रशिक्षणार्थीला हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुसेना अकादमीत ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. कमिशन मिळाल्यावर तेवढेच मूळ वेतन, १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि वैमानिकाला त्याच आयोगाच्या मूळ दराने २५,००० रुपये उड्डाण भत्ता धरला, तर महागाई भत्त्याआधीच ही बेरीज ९६,६०० रुपयांवर जाते.

अकादमीत पाऊल टाकेपर्यंत मात्र सारा भार कुटुंबावर असतो. परीक्षा शुल्क, शिकवणी आणि कारखान्यातील बुडालेली कमाई यांची भरपाई कोणी करत नाही. एएफकॅटनंतर वायुसेनेच्या निवड मंडळापुढे एखाद्या प्रवेश-प्रकारासाठी प्रथमच जाणाऱ्याला रेल्वेभाडे तेवढे परत मिळते. अंबत्तूरला सर्वांत जवळचे असे मंडळ म्हैसूरला आहे. तेथे पहिल्याच दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून कथा रचून तिच्यावर गटात चर्चा करण्याची चाचणी होते, आणि त्यांत न टिकलेल्यांना लगेच परत पाठवले जाते. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानी गटकार्ये व मुलाखत पुढील दिवसांत होतात. उड्डाण शाखेच्या उमेदवाराला यांखेरीज संगणकीकृत वैमानिक निवड चाचणीही द्यावी लागते, जिच्यात उपकरणफलकाचे वाचन आणि हात, पाय व डोळे यांचा मेळ तपासला जातो. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्याला उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद होते.

त्यानंतरच्या वैद्यकीय तपासणीत किमान १६२.५ सेंटिमीटर उंची, ९९ ते १२० सेंटिमीटर पायांची लांबी आणि कमाल ६४ सेंटिमीटर मांडीची लांबी हे निकष असतात, कारण कॉकपिटमधील आसन, पायाने दाबायचे पेडल आणि संकटकाळी आसनासह बाहेर फेकले जाण्याची व्यवस्था यांत शरीर बसावे लागते. तपासणी शेवटी असली, तरी तयारीचा क्रम याच्या उलट असणे शहाणपणाचे ठरते: आधी मोजपट्टी व नेत्रतज्ज्ञाकडची तपासणी, मग अकरावीतील विषयांची निवड आणि सर्वांत शेवटी शिकवणीचे शुल्क. पहिल्या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. पण त्या चुकल्या, तर तिसरीवर केलेला खर्च उड्डाणाच्या दृष्टीने वाया जातो.