दानपेटीतल्या पैशाला कर लागतो का?

रामनवमीला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत पाय ठेवायला जागा नसते. महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटकातल्या तांड्यांवरून आलेली माणसं बंजारा संत सेवालाल महाराजांच्या समाधीकडे रांग धरतात. घडी केलेली नोट पेटीत पडते. देणाऱ्याचं नाव कुठे लिहिलं जात नाही. अशा पैशाला आयकर लागतो का, असं वकिली शिकणाऱ्या मुलांना विचारलं की एक म्हणतो, ‘देवाच्या पैशाला कसला कर?’ दुसरा म्हणतो, ‘ते सीए बघतो.’ दोघंही चुकतात.

पोहरादेवी सोडा, कुठल्याही देवस्थानाचं घ्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की आयकर माफ, ही समजूत सर्रास आहे. ती नोंदणी राज्याच्या १९५० च्या कायद्याखालची. आयकराच्या सवलतीसाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, आणि सर्वसाधारणपणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्दिष्टांवर लावावा लागतो. निनावी दानाचा नियम आणखी बारीक आहे. धर्मादाय संस्थेला ठरावीक मर्यादेपुढच्या निनावी दानावर ३० टक्के कर बसतो. पूर्णपणे धार्मिक संस्थेला तो बसत नाही. पण संस्था धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही असेल आणि निनावी दान तिच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून आलं असेल, तर तेवढ्यावर कर येतो. संस्था नेमकी कुठल्या प्रकारची, हे ताळेबंद सांगत नाही. त्यासाठी तिची घटना ओळ न् ओळ वाचावी लागते. करवकिलाचं काम इथे सुरू होतं.

मग सीए कशाला? करविषयक लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही सीएचीच चालते, वकिलाची नाही. अधिकाऱ्यापुढे आणि आयकर अपील न्यायाधिकरणापुढे दोघंही उभे राहू शकतात. हे न्यायाधिकरण १९४१ पासूनचं, आणि विदर्भासाठी त्याचं खंडपीठ नागपुरात आहे. त्यापुढचं अपील मात्र उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, आणि तिथे युक्तिवाद वकिलाचा. चांगल्या प्रकरणात आकडे सीए मांडतो, शब्दांवर वकील लढतो. दोघांचं जमलं तर पक्षकाराचं भलं होतं.

‘माझं गणित कच्चं आहे’ म्हणून करवकिलीची वाट सोडणाऱ्यांची मला खरंच हळहळ वाटते. नानी पालखीवाला इंग्रजी साहित्याचे एम.ए. होते. त्यांचा आणि जमशेदजी कांगांचा आयकरावरचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या वकिलांनी तो हाताशी ठेवला. बेरीज-वजाबाकी यंत्र करतं. ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचं, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज वेगळाच आहे: शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग पोहरादेवीच्या मानोरा तालुक्यात करवकिलाला काम कुठलं? समजा, एका शेतकऱ्याचं रान धरणात गेलं. कोर्टाने मोबदला वाढवला आणि त्यावर १० लाख व्याज मिळालं. पॅन दिलेला असेल तर साधारण १० टक्के, म्हणजे १ लाख, टीडीएस कापला जातो. पॅन नसेल तर २ लाख. शेतकरी म्हणतो, सरकारने कापले, विषय संपला. पण अशा व्याजावर निम्मी वजावट मिळते. राहिले ५ लाख. दुसरं काही उत्पन्न नसेल तर सवलतीमुळे त्यावर कर शून्य, आणि विवरणपत्र भरलं तर कापलेला पैसा परत.

शिवाय हे व्याज आहे की मोबदल्याचाच भाग, हाही वाद आहे. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ खालची रक्कम मोबदल्याचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं. त्यानंतर आयकर कायद्यात दुरुस्ती झाली आणि काही उच्च न्यायालयांनी ती रक्कम करपात्र धरली. एवढा मोठा प्रश्न एका सातबाऱ्याशी बांधलेला असतो, आणि तो सोडवणारा माणूस जवळपास सहज सापडत नाही.

करवकील होण्याची वाट तशी सरळ आहे. सीईटी देऊन बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. कॉमर्सची अट नाही. सुरुवातीची वर्षं मात्र ओढाताणीची. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार मासिक मानधन द्यावं असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. घरच्यांशी हे आधीच मोकळेपणी बोलून घ्यावं.

मुंबईलाच जावं लागतं, हेही आता पूर्वीसारखं खरं नाही. २०२० पासून आयकराची बहुतेक तपासणी आणि पहिलं अपील चेहराविरहित झालं. अधिकारी कोण, हे कळतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते पोर्टलवर चढवलेलं लेखी म्हणणं. ते मानोऱ्यात बसून लिहिता येतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, तरी मागच्या वर्षांची प्रकरणं १९६१ च्या कायद्यानेच चालणार. आज शिकणाऱ्याला दोन्ही पाठ हवेत.

करवकील म्हणजे कर बुडवायला शिकवणारा, असंही ऐकू येतं. उत्पन्न चुकीचं दाखवलं तर त्यावरच्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे, हे पक्षकाराला पहिल्यांदा तोच सांगतो. राज्यघटनेचं कलम २६५ म्हणतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही. त्या कलमाची राखण हे त्याचं काम.

गावातला माणूस नोटीस आणतो ती बहुधा मुलाच्या मोबाईलवर, अर्धी स्क्रीन तडकलेली. पहिला प्रश्न असतो, ‘घर तर जाणार नाही ना साहेब?’ त्याला आधी पाणी द्यावं, आणि मग नोटिशीवरची उत्तराची शेवटची तारीख मोठ्याने वाचून दाखवावी.