‘माहा-माही-माहं’पासून ‘माय’कडे

राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. बोरगाव मेघेतलं लेकरू घरी ‘माहा डबा, माही वही, माहं दप्तर’ म्हणतं. इंग्रजीत तिन्हींना ‘माय’च. ही सोय आधी दाखवावी, तीही मराठीतून. मातृभाषेतल्या शिक्षणाचा ठराव करणारी १९३७ची परिषद शेजारच्या वर्ध्यातच भरली होती.

मग वर्गातल्या वस्तू उचलून बोलावं. ‘माय’पुढे वस्तूचं नाव हवं, ‘माइन’ एकटं चालतं. नामाला वरचा स्वल्पविराम आणि ‘एस’ लागतो: ‘मीनाज बुक’. अनेकवचनाच्या शेवटी ‘एस’ असेल, तर फक्त चिन्ह, तेही त्यानंतर. ‘इट्स’पाशी मोठेही अडखळतात, तिथे घाई नको: मालकी सांगणाऱ्या ‘इट्स’मध्ये चिन्ह नसतं, ‘इट इज’च्या संक्षेपात असतं.