सर्व्हर डाऊन नाही, मग बिघडलंय काय?

तलासरी-डहाणूकडे रेशनचं दुकान असो, सेतू केंद्र असो की बँकेची खिडकी, एक उत्तर सगळीकडे तयार असतं: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ उधव्याहून रिक्षाचं भाडं मोजून आलेला माणूस त्यावर काय बोलणार? सर्व्हर कुठे आहे हेच त्याला ठाऊक नसतं. सांगणाऱ्यालाही बऱ्याचदा नसतं.

रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की तो ठसा मशीनमधल्या सिमवरून टॉवरला जातो, टॉवरवरून कंपनीच्या लाइनने खात्याच्या सर्व्हरला आणि तिथून तपासणीसाठी आधारच्या यंत्रणेकडे. उत्तर याच वाटेने परत येतं. मधला कुठलाही दुवा निखळला तरी काम अडतं आणि नाव सर्व्हरचं होतं. सर्व्हर खरोखर बंद असेल, तर तो एकट्या तलासरीपुरता बंद नसतो. कासा, जव्हार, वाडा, सगळीकडची दुकानं एकाच वेळी अडतात. दुसऱ्या गावातल्या दुकानदाराला एक फोन केला तरी उलगडा होतो. त्याचं मशीन चालत असेल, तर बिघाड आपल्या बाजूचा. मग दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन बघावं.

आणि एक प्रकार तर नेटवर्कचा नसतोच. वीटभट्टीवर, शेतात राबणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. ठसा व्यवस्थित पोचतो, जुळत मात्र नाही. तेव्हा मशीन ‘ठसा जुळला नाही’ असा वेगळा संदेश देतं, पण तोंडी उत्तर तेच मिळतं, सर्व्हर डाऊन. अशा माणसाला उद्या बोलावून काय उपयोग? उद्याही बोटं तीच असणार. आधारमध्ये बुबुळावरून ओळख पटवायची सोय आहे, ती विचारायला हवी.

दुसरा गैरसमज घराघरातला: वायफायची खूण पूर्ण भरलेली आहे, म्हणजे नेट असलंच पाहिजे. वायफाय फक्त मोबाइलपासून राउटरपर्यंतच्या दहा-वीस फुटांचं काम करतं. राउटरच्या पुढे लाइन तुटली असली तरी खूण भरलेलीच दिसणार.

खरी स्थिती भिंतीवरच्या डब्याचे दिवे सांगतात. भारतनेटची फायबर पोचलेल्या ग्रामपंचायतीत किंवा घरच्या फायबर जोडणीत एक लहान डबा असतो, त्याला ओएनटी म्हणतात. ‘पॉन’ असं लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असला, तर पलीकडच्या केंद्राशी बोलणं चालू आहे. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, थेट तक्रार नोंदवावी आणि ‘एलओएस लाल आहे’ एवढं सांगावं. लाइनमनच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यात येतात. पॉन हिरवा आहे आणि तरी नेट नाही, असं असेल तर प्रश्न राउटरच्या सेटिंगचा, थकलेल्या बिलाचा किंवा कंपनीच्या पुढच्या जाळ्याचा. आधी डब्याला लागलेली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर मात्र बघून घ्या. तिच्यातला प्रकाश वाहणारा गाभा साधारण 9 मायक्रॉनचा, केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. वायर टेबलाच्या पायाभोवती करकचून गुंडाळली, तर न तुटताही प्रकाश वळणावर बाहेर गळतो. वायर काढून तिच्या टोकात डोळा घालायचा नाही. तो प्रकाश दिसत नाही, पण लेसरचा असतो.

लाल दिव्याचं कारण आपल्याकडे बऱ्याचदा जमिनीत सापडतं. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, सगळे याच तालुक्यांतून जातात. जेसीबीचा एक फटका आणि केबल गेली. खोदणाऱ्याने आधी केबलच्या मालकाला कळवावं म्हणून केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणलं. ग्रामपंचायतीने नळाच्या पाइपसाठी चर खणतानाही ते वापरायला हरकत नाही.

आता रेंज. चार दांड्या दिसतात आणि व्हिडिओ अडकतो, तेव्हा लोक मोबाइलला दोष देतात. दांड्या फक्त टॉवरचा रेडिओ संदेश किती जोरात येतोय ते दाखवतात. त्या टॉवरवर किती जण लटकलेत, टॉवरपासून पुढची लाइन धड आहे का, हे त्यांना कळत नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसराने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सोसली. अशा धक्क्यानंतर सगळं गाव एकदम फोन लावतं आणि टॉवर धडधाकट असूनही फोन लागत नाही, कारण एका टॉवरला एका वेळी ठरावीकच जणांना जागा देता येते. त्या मिनिटांत कॉलपेक्षा साधा एसएमएस पाठवावा. त्याला जागा फार थोडी लागते आणि तो थांबून पुन्हा जातो.

सीमेवर आणखी एक गंमत. अच्छाडकडे घरात बसूनच ‘गुजरातमध्ये स्वागत’ असा संदेश येतो आणि माणूस पैसे कापले जातील म्हणून डेटा बंद करतो. टॉवरच्या लहरी राज्याची हद्द मानत नाहीत, मोबाइल जोरदार टॉवर धरतो. देशातल्या देशात रोमिंगचं वेगळं भाडं हल्लीच्या सर्वसाधारण प्लॅनमध्ये नसतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 एमबी नव्हे. पहिला आकडा बिटचा, दुसरा बाइटचा, आणि 8 बिटचा 1 बाइट. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तेही सगळं जुळून आलं तर. कंपनीशी भांडण्याआधी भागाकार करावा.

चिकूच्या वाडीत कॅमेरा बसवणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: ‘कॅमेऱ्याचा आयपी 192.168.1.20 आहे, मग मुंबईहून उघडत का नाही?’ कारण हा पत्ता म्हणजे चाळीतला खोली नंबर. तसा नंबर प्रत्येक चाळीत असतो, बाहेरच्या पोस्टमनला तेवढ्यावर काही कळत नाही. आयपीच्या जुन्या पद्धतीत सगळ्या जगासाठी मिळून सुमारे 429 कोटी पत्ते, ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही अशाच सामाईक पत्त्यामागे आहात आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी कॅमेरा बाहेरून दिसणार नाही. कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता विकत घ्या किंवा कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधून बघा. दोन्हीत कारखान्याहून आलेला पासवर्ड आधी बदला. नाहीतर वाडी तुमच्याआधी भलताच कोणी बघत असेल.

शेवटचा गैरसमज पाड्यांवरचा: केबल आली नाही तर नेट येणारच नाही. याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर तालुक्यातल्या खामलोली भागात टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्यांवरून इंटरनेट नेऊन दाखवलं. वायफायची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, पानांनी आणि टेकाडाने अडणारी. टीव्हीच्या त्या पट्ट्यातली लहर अर्ध्या मीटरहून लांब, झाडी पार करून पुढे जाणारी. ‘ग्राम मार्ग’ या त्यांच्या प्रकल्पाला 2017 मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पण त्या रचनेतही बिनतारी उडी फक्त मधल्या टप्प्याची आहे. तिचं एक टोक पाड्यावरच्या वायफायला आणि दुसरं ग्रामपंचायतीतल्या भारतनेटच्या फायबरला जोडायचं, अशीच कल्पना होती. तिथला एलओएस लाल झाला, तर पाड्यावरचं नेटही जाणार.