महापालिकेचं अंदाजपत्रक वाचताना आधी कोणता रकाना पाहावा

फेब्रुवारी-मार्च आला की महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा आकडा वर्तमानपत्रांत झळकतो. २०२५-२६ साठी मुंबईचा आकडा ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, पुण्याचा १२,६१८ कोटींचा. तो वाचून आपल्या मनात साहजिकच येतं, एवढा पैसा आहे तर आमच्या गल्लीतला रस्ता असा का? याचं बरंचसं उत्तर त्याच अंदाजपत्रकाच्या पुस्तकात असतं. फक्त ते पहिल्या पानावर नसतं.

आपण पुण्याचं उदाहरण घेऊन पुढे जाऊ. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. राज्यातल्या बाकीच्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात. त्यामुळे नाशिक, सोलापूर किंवा कोल्हापूरच्या वाचकांनाही हीच वाट उपयोगी पडेल.

पुस्तक उघडलं की दोन बाजू दिसतात, जमा आणि खर्च. प्रत्येक ओळीपुढे तीन-चार रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय झालं, चालू वर्षाचा मूळ अंदाज काय होता, तो मधल्या काळात बदलून केलेला सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमीत येतो तो शेवटचा रकाना. आपण मात्र ‘प्रत्यक्ष’ या रकान्यापासून सुरुवात करावी. अंदाज कितीही मोठा मांडला तरी वर्षअखेरी तो चुकला म्हणून कुणाला दंड होत नाही. प्रत्यक्ष जमा मात्र बँकेत आलेली असते.

आता जमा बाजू. महापालिकेच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक म्हणजे वस्तू व सेवा कराचं अनुदान, ज्याला सगळे ‘जीएसटी अनुदान’ म्हणतात. त्याची मुळं जकातीत आहेत. शहराच्या वेशीवर मालावर घेतला जाणारा तो कर रोजच्या रोज रोकड आणून देई. पुण्यात २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर एलबीटी आणि मुंबईत तोवर टिकून असलेली जकात दोन्ही संपली. त्या बदल्यात राज्यानं कायदा करून महापालिकांना भरपाई ठरवून दिली. पाया २०१६-१७ च्या उत्पन्नाचा आणि त्यावर दर वर्षी ८ टक्के चक्रवाढ वाढ.

भरपाई वाईट नाही. ८ टक्क्यांनी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. पण शहरात व्यापार दुपटीनं वाढो की निम्म्यावर येवो, हा आकडा आपल्या चालीनंच चालतो आणि त्याची किल्ली मंत्रालयात असते. शिवाय पाया ज्या वर्षी धरला, त्या वर्षी ज्या शहरांची वसुली कमकुवत होती त्यांची भरपाई कायमची कमी राहिली.

दुसरं मोठं उत्पन्न मिळकतकर, म्हणजेच घरपट्टी. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आपलं बिल हातात घ्या. त्यात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्षसंवर्धन असे तुकडे दिसतील. त्याच बिलात राज्याचा शिक्षण कर असतो, तर बिगरनिवासी मिळकतींच्या बिलात रोजगार हमी करही. ही रक्कम महापालिका गोळा करते, पण ती राज्याला जाते. म्हणजे आपण भरलेल्या बिलातला प्रत्येक रुपया शहराच्या तिजोरीत राहत नाही.

बिलाचा पाया असतो वार्षिक करपात्र रक्कम, म्हणजे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा महापालिकेनं ठरवलेला आकडा. (मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी घराची भांडवली किंमत धरतात.) पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप आला, राज्यानं २०१८ मध्ये ठराव रद्द केला आणि सवलत बंद झाली. मग २०२३ मध्ये राज्यानंच ती पुन्हा दिली आणि लोकांना ‘पीटी-३’ अर्ज भरून आपण स्वतः राहतो हे दाखवावं लागलं. कर शहराचा, पण सवलत द्यायची की काढायची हे ठरलं मुंबईत.

दर वाढवायचा असेल तर कायद्यानं २० फेब्रुवारीची मुदत आहे. त्याआधी सर्वसाधारण सभेनं पुढच्या वर्षीचे दर ठरवायचे असतात. आयुक्त वाढ सुचवतात आणि सभा बहुतेक वेळा ती फेटाळते. निवडणूक जवळ आली असेल तर प्रश्नच नाही. मौज अशी की दरवाढ फेटाळणारेच नंतर खर्चाच्या बाजूला नवी कामं घालायला पुढे असतात.

थकबाकीचा आकडा वाचतानाही जपून. तो हजारो कोटींत दिसतो आणि ‘एवढी वसुली केली तर शहर सोन्याचं होईल’ असं वाटतं. पण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे महिन्यागणिक दंड साचत जातो. त्यात कोर्टात अडकलेल्या मिळकती असतात, एकाच घराला दोनदा झालेली आकारणी असते, पाडून टाकलेल्या इमारतीही असतात. अधूनमधून येणारी अभय योजना, म्हणजे दंड माफ करून मुद्दल भरून घेण्याची सवलत, थोडी रोकड आणते. पण वेळेवर भरणाऱ्याला ती शिकवते की थांबलेलं बरं.

तिसरी ओळ बांधकाम परवानगी शुल्काची. घरं विकली जात असतील तर ती फुगते, बाजार थंडावला की कोसळते. एका चांगल्या वर्षाचा आकडा धरून पुढच्या वर्षी पगार वाढवले, तर अडचण ठरलेली.

अनुदानं आणि कर्जरोखे थोडक्यात पाहू. केंद्राच्या योजनेचा पैसा येतो, पण त्यासाठी महापालिकेला स्वहिस्सा, म्हणजे स्वतःचा वाटा, घालावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगानं तर अट घातली की लेखापरीक्षण झालेले हिशेब जाहीर करा, घरपट्टीचे किमान दर ठरवा, वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगानं वाढवा, तरच निधी. मला ही अट योग्य वाटते.

कर्जरोखे म्हणजे शहरानं गुंतवणूकदारांकडून ठरावीक व्याजानं घेतलेलं कर्ज. पुण्यानं जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजानं २०० कोटींचे रोखे काढले आणि देशभर कौतुक झालं. पण ठेकेदारांचे दर चढे आले म्हणून त्याच वर्षी योजनेच्या निविदा रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. इकडे व्याजाचं घड्याळ मात्र सुरू झालं होतं. बाजारात पैसा मिळतो. तो खर्च करण्याची तयारी आधी लागते.

आता खर्च बाजू. ती दोन भागांत वाचायची. महसुली खर्च म्हणजे शहर रोज चालू ठेवण्याचा खर्च: पगार, निवृत्तिवेतन, वीज, कचरा, पीएमपी बससेवेची तूट. भांडवली खर्च म्हणजे जे टिकून राहतं ते: पूल, जलवाहिनी, शाळेची इमारत. प्रत्यक्ष जमेतून महसुली खर्च वजा करा. जे उरतं तेवढ्यातच नवं काम होऊ शकतं.

त्यातूनही एक मोठा घास आधीच गेलेला असतो. त्याला ‘दायित्व’ म्हणतात, म्हणजे मागच्या वर्षी कार्यादेश दिलेल्या आणि अजून बिलं द्यायची असलेल्या कामांचे पैसे. नवं वर्ष सुरू होतं ते हे ओझं घेऊनच.

अंदाजपत्रकाचा प्रवास असा. आयुक्त आकडे तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. आयुक्त हे राज्यानं नेमलेले अधिकारी आणि स्थायी समिती सोळा नगरसेवकांची. समिती बदल करून ते सर्वसाधारण सभेपुढे नेते आणि सभा मंजुरी देते. हमखास फुगतं ते मधल्या टप्प्यावर. २०२१-२२ साठी पुण्यात आयुक्तांनी ७,६५० कोटींचा आराखडा दिला, स्थायी समितीनं तो ८,३७० कोटींवर नेला. मधले ७२० कोटी कुठून येणार? जमा बाजूच्या ओळी थोड्या थोड्या वाढवून. त्या आधारावर नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी लांबते. मार्चमध्ये सगळे खूश असतात.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका रखडल्या. राज्यघटना सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. पण प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. पुण्यासह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक त्यांनीच मांडायचं, त्यांनीच स्थायी समिती म्हणून पाहायचं, त्यांनीच सभा म्हणून मंजूर करायचं. ‘स’ यादीची फुगवाफुगवी त्या काळात थांबली हे खरं, पण आपल्या गल्लीतला रस्ता कुणाकडे मांडायचा, हा प्रश्न राहिलाच.

मंजुरीनंतर पैसा लगेच खर्च होत नाही. आधी पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाला किती खर्च येईल याचा अभियंत्यानं काढलेला हिशेब. मग तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी, कार्यादेश. पावसाळ्यात डांबरीकरण बंद. दिवाळीनंतर कामाला वेग येतो आणि मार्चअखेर बिलांची रांग लागते. जमा अंदाजापेक्षा कमी आली की याच काळात काही कामं गुपचूप मागे पडतात.

मागे कशी पडतात? ‘वर्गीकरणा’नं. एका कामासाठी ठेवलेली तरतूद ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवणं, याला महापालिकेत हा शब्द आहे. कधी ते रास्त असतं: जागा ताब्यात आली नाही, पैसा पडून राहण्यापेक्षा दुसरीकडे लागावा. पण शाळेच्या स्वच्छतागृहाचा निधी कमानीकडे गेला तर त्याची बातमी सहसा होत नाही. अंदाजपत्रकाच्या पुस्तकातही ते दिसत नाही, कारण पुस्तक आधी छापलेलं असतं.

म्हणून आपल्या रस्त्याचं नाव अंदाजपत्रकात सापडलं की तिथेच थांबू नये. दिवाळीनंतर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: पूर्वगणनपत्रक झालं का, कार्यादेश कोणत्या तारखेचा आहे, आणि या तरतुदीचं वर्गीकरण झालं आहे का. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराच्या अर्जात हेच तीन प्रश्न, अंदाजपत्रकाचा पान क्रमांक घालून लिहावेत. पान क्रमांक दिला की ‘माहिती स्पष्ट नाही’ असं उत्तर देणं अवघड जातं.

छोट्या कामासाठी पुण्यात आणखी एक दार आहे. २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात: पदपथ, बसथांब्याची शेड, बाक, दिवे. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. इथे बहुतेकांची चूक वेळेची होते. मार्चमध्ये आकडा वाचून आपण जागे होतो, तेव्हा त्या वर्षीच्या सूचना पाच-सहा महिन्यांपूर्वीच बंद झालेल्या असतात.